गोळ्या कशा घेता?

सेवानिवृत्तीनंतर हाताशी वेळ उरतो आणि मनात एक शंका घर करते : आता आपला कोणाला काय उपयोग? हीच शंका मनात घेऊन चार वर्षांपूर्वी मी आमच्या तालुक्यातील मिशनच्या दवाखान्याची पायरी चढले. आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. वैद्यकीय ज्ञान शून्य. परंतु जामखेडचे उदाहरण मला ठाऊक होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले आणि पुढे खेड्यांतील, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्या शिकल्या, मग मला का जमू नये?

केसपेपर लिहिणे आणि औषधे कशी घ्यायची ते रुग्णांना समजावणे, हे काम माझ्याकडे आले. एका बाजाराच्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. रक्तदाब फार वाढलेला होता.

"गोळ्या घेता ना?" मी विचारले.

"घेते की, बाई."

मी तसे लिहूनही टाकले. शेजारच्या सिस्टरांनी मात्र आजींचा हात हाती घेत विचारले, "आजी, कशा घेता?"

आजींनी पिशवीतून पाकीट काढले. महिन्याच्या गोळ्या जवळजवळ तशाच होत्या. "डोकं दुखलं की घेते. दुखत नसलं तर उगाच कशाला संपवायच्या?"

मी स्तब्ध झाले. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा तिच्या उशाखालीही अशीच पाकिटे सापडली होती. मी रोज फोनवर विचारीत असे, "आई, गोळी घेतलीस ना?" ती रोज "हो" म्हणे. तिला मला काळजीत टाकायचे नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मलाही "हो"च ऐकायचे होते.

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता शरीरात वावरतो. म्हणून बरे वाटते या कारणाने गोळी थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनो, "घेतली ना?" असे विचारण्याऐवजी "कशी घेता, दाखवा बरं" असे म्हणा. तपासणीला जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून सोबत न्या. आणि ज्येष्ठांनो, गोळीने चक्कर येत असेल, खर्च झेपत नसेल किंवा विसर पडत असेल, तर तसे निःसंकोच सांगा. पुष्कळदा औषध बदलता येते, स्वस्त पर्यायही मिळतो.

आता मी केसपेपरवर नुसते "गोळ्या चालू" असे लिहीत नाही. उरलेल्या गोळ्या रुग्णासमवेत मोजते आणि तो आकडा लिहिते. एवढे काम माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेलाही जमते. आपल्या जवळच्या दवाखान्यात एकदा विचारून पाहा, तुम्हालाही जमेल.