जान, जोआंव की जॉन?

आसनगावच्या मुलांना कोची म्हणजे दुसरं टोक वाटतं. पण कल्याणला मंगला एक्स्प्रेसमध्ये बसलं, की थेट एर्नाकुळम! तिथून बोटीने फोर्ट कोची. काठावरची भलीमोठी चिनी जाळी बघून थोडं चाललं, की सेंट फ्रान्सिस चर्च लागतं. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. प्रवासी ती जागा बघतात आणि निघतात. तुम्ही मात्र जरा थांबा.

डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतलं. १७९५ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. (आपल्या वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती, बरं का!) त्या काळातली एक वही या चर्चची आहे, 'डोप बुक'. डच भाषेत डोप म्हणजे बाप्तिस्मा. १७५१ ते १८०४ या काळातले बाप्तिस्मे आणि लग्नं तिच्यात नोंदलेली आहेत. आम्हाला दिसली ती छायाप्रत. तरी बघताना अंगावर काटा आला.

आता समजा, एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, "आपला पूर्वज डच होता, नाव जॉन." वही उघडली तर जॉन सापडेलच असं नाही. डच माणूस असतो जान. चर्चच्या कागदात तो योहान्नेस होतो. कोचीत राज्य डचांचं, पण कितीतरी घरांत भाषा पोर्तुगीज. तिथे तोच जोआंव. इंग्रज आल्यावर जॉन! माणूस एक, नावं चार.

आडनावाची तर आणखी गंमत. बऱ्याच डच लोकांना पक्कं आडनावच नसे. बापाचं नाव लावायचे, आपण मधे लावतो तसंच. जानचा मुलगा तो 'जान्सझोन', लिहिताना आखूड करून 'जान्स्झ'. म्हणजे बापाचं आणि मुलाचं 'आडनाव' वेगळं! श्रीलंकेतल्या डच वंशाच्या घराण्यांत हे जान्स्झ पुढे कायमचं आडनाव होऊन बसलं. 'व्हान' म्हणजे अमुक गावचा, आपल्या 'कर'सारखं.

मग माणूस ओळखायचा कसा? नुसत्या नावावर जायचं नाही. आईचं नाव बघायचं. बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण, ते बघायचं. दोन नोंदींत तीच आई आणि तेच साक्षीदार आले, तर घर बहुधा एकच.

आम्हा शिक्षकांना हे काम नवं नाही. आमच्या भागातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं उघडून बघा. बुधवारी जन्मला तो बुध्या, सोमवारचा सोम्या. एका गुरुजींनी 'बुध्या' लिहिलं, दुसऱ्यांनी 'बुधा', तिसऱ्यांनी शहाणपणा करून 'बुधाजी'. एके ठिकाणी जात 'कातकरी', दुसरीकडे 'काथोडी'. सरकारी यादीत दोन्ही एकत्र आहेत, हे नशीब. पण नातवाला जातीचा दाखला हवा असतो, तेव्हा आजोबांची हीच ओळ शोधावी लागते. ती सापडली नाही, तर त्याचा पुढचा प्रवेश अडतो.

तेव्हा आम्ही बापाचं नाव जुळवतो, पाडा जुळवतो, भावंडं कोणत्या साली दाखल झाली ते बघतो. सापडलं की उतारा द्यायचा, पण जसाच्या तसा. आपल्या मनाने 'बुध्या'चा 'बुधाजी' करायचा नाही! दोन्ही नावं एकाच माणसाची, हे घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं.

पालकांनो, आजोबांना घरात कोणकोणत्या नावांनी हाक मारायचे, ते आजीला आजच विचारून ठेवा. सगळी नावं लिहा, टोपणनावंसुद्धा.