हिरवा दिवा आणि चुकांची वही

आमच्या नातेवाइकांत माझ्या कामाबद्दल एक ठाम समज आहे, तो म्हणजे 'ती इंटरनेट चालू करून देते.' लग्नकार्यात हमखास कोणीतरी गाठतं, "अगं, दिवा हिरवा दिसतोय पण काहीच धड उघडत नाही, असं कसं गं?" मी "बघावं लागेल" म्हणून सुटका करून घेते, कारण खरं उत्तर पंगत उठेपर्यंत संपायचं नाही. म्हणून ते इथे लिहून टाकते.

हिरवा दिवा एवढंच सांगतो की तार दोन्ही टोकांना जोडलेली आहे. तारेतून आलेलं सामान शाबूत आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. ते राउटर निराळ्या वहीत मांडतो. इथरनेटवर पाठवणारा प्रत्येक फ्रेमच्या शेवटी चार बाइटची एक बेरीज जोडतो, तिला सीआरसी म्हणतात. घेणारा तीच बेरीज पुन्हा करतो. जुळली नाही तर फ्रेम गुपचूप टाकून देतो आणि आपल्या वहीतला आकडा एकाने वाढवतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही! वरच्या थरातल्या टीसीपीला काही वेळाने लक्षात येतं की पलीकडून पोच आली नाही, मग तो पुन्हा पाठवतो. या वाट बघण्यालाच आपण 'नेट स्लो आहे' म्हणतो.

ही वही लांबून वाचायची सोय म्हणजे एसएनएमपी. १९८८ पासूनचा प्रोटोकॉल. आपण यूडीपीच्या १६१ नंबरच्या पोर्टवर विचारायचं, 'या इंटरफेसचा इफ-इन-एरर्स किती?' आणि राउटर एक आकडा सांगतो. बस्स. केव्हापासूनचा, कशामुळे, चूक कोणाची, काही नाही. राउटर बंद करून चालू केला की मोजणी बहुधा पहिल्यापासून. ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे गेला तरी परत शून्य. त्यामुळे नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं आणि वजाबाकी करायची, अर्थ असतो तो त्या फरकाला. तोही तेवढ्या वेळात आलेल्या एकूण पॅकेट्सच्या शेजारी ठेवून बघायचा.

आता हे सगळं ज्यांच्यामुळे मनात पक्कं बसलं, त्यांच्याबद्दल.

२००७ साली मी या कामात नवीन होते. आमच्या एका ग्राहकाच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत एक काका हिशेबाचं काम बघायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते रोज फोन करत, "मॅडम, अकरा वाजले की लाइन दम टाकते बघा." आमच्याकडून दरवेळी ठरलेलं उत्तर जायचं, 'इथून पिंग होतंय.' आणि ते खोटं नव्हतं. पण काकांच्या ऑफिसात त्याचा अर्थ 'लाइन ठीक आहे, माणूसच संथ आहे' असा लावला गेला. संध्याकाळचा हिशेब वेळेत पोचत नाही म्हणून त्यांना मेमो मिळाला. फोनवर मला म्हणाले, "कॉम्प्युटर शिकायला उशीर झाला, हे मान्य. पण लाइनचं मी खोटं सांगत नाही हो."

तेव्हा आमच्याकडे एमआरटीजी होतं. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारून आलेख काढणारं, पण सगळीकडे ट्रॅफिकचेच आलेख. त्या शाखेच्या राउटरवर मी चुकांचाही आलेख लावला. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. रात्री रेषा जमिनीला टेकलेली. सकाळी अकराला चढायची, जेवणाच्या सुट्टीत उतरायची, संध्याकाळी हिशेब पाठवायच्या वेळी पुन्हा वर. काका सांगत होते अगदी तसंच.

ट्रॅफिकबरोबर चुका चढतात म्हटल्यावर संशय ड्युप्लेक्सवर गेला. फुल ड्युप्लेक्स म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं. हाफ म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचं. राउटरच्या पोर्टवर कोणीतरी १०० एमबीपीएस आणि फुल असं हाताने पक्कं करून ठेवलं होतं. लाइनवाल्यांचा डबा मात्र ऑटोवर. आता गंमत अशी, की ज्याचं सेटिंग पक्कं असतं तो वाटाघाटीत बोलतच नाही. समोरच्याला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ धरून चालतो. मग राउटर खुशाल मध्येच बोलतो, डबा दचकून आपली फ्रेम अर्धवट सोडतो, आणि राउटरच्या वहीत एक चूक जमा. पिंग मात्र होत राहतो, कारण त्यात एकाने विचारायचं आणि मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. दोघं एकदम बोलतात कुठे?

एकाने काही सांगायचंच नाही आणि दुसऱ्याने मनाने काहीतरी गृहीत धरायचं, हे घराघरांतून चालतं... असो, तो वेगळा विषय!

रात्री राउटरही ऑटोवर टाकला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रेषा आडवीच राहिली. मी आलेखाचे दोन प्रिंट काढून, तारीख-वेळ घालून, काकांच्या साहेबांना पाठवले. मेमो मागे घेतल्याचं पत्र काही आलं नाही. पुढचा मेमोही आला नाही. काकांनी फोन करून एवढंच विचारलं, "म्हणजे ते मशीन सगळं लिहून ठेवत होतं? मग इतके दिवस कोणी विचारलं का नाही?"

याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. पण त्यानंतर कुठलाही नवा राउटर हाताखाली आला की आधी चुकांचा आलेख लावते, ट्रॅफिकचा नंतर. आणि कोणी 'अकरा वाजता' म्हटलं की अकराचाच आकडा बघते.

तर मंडळी, काही घरगुती राउटरच्या पानावरही ही 'एरर्स'ची ओळ असते. मोठा आकडा दिसला म्हणून लगेच घाबरून मला फोन करू नका. कागदावर वेळ घालून लिहून ठेवा, तासाभराने पुन्हा बघा आणि वजाबाकी करा. मग खुशाल करा फोन.