सहा बी

परवा ऑफिसात एका मशीनवर लिनक्सचा नवा आरसी, म्हणजे चाचणीचा, कर्नल चढवला आणि तो कोसळला. त्यात नवल नाही, आरसी त्यासाठीच असतात. पण पडद्यावर आकड्यांच्या रांगांऐवजी एक क्यूआर कोड उमटला, भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तस्सा. शेजारच्या मुलीनं हातातला चहा खाली न ठेवताच मोबाइल धरला आणि कर्नलचे शेवटचे शब्द तिच्याकडे पोचले. २०२४च्या ६.१२ पासून ही सोय आलेली आहे, हे मला ठाऊक होतं. तरी त्या चौकोनाचा राग आलाच. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

आमचं आयुष्य ते आकडे वाचण्यात गेलं. २००३ साली कर्नलची २.५ ची मालिका संपत आली होती. विषम आकडा म्हणजे कच्चा माल, २.६ डिसेंबरात यायचा होता. पुण्याच्या घरात एक मशीन आतल्या खोलीत होतं, दुसरं बाहेर जेवणाच्या टेबलावर. मध्ये सीरियल केबल असती, तर आतलं मशीन मरता मरता जे बोललं ते बाहेर आपोआप उतरलं असतं. केबल ऑफिसात राहिली होती. पडदा गोठलेला, वरच्या ओळी सरकून गेलेल्या, कीबोर्ड मेलेला. मी बाहेर टाइप करायला बसलो आणि आईला म्हटलं, आतून वाच.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर होती. आकडे कसे सांगायचे हे तिला शिकवावं लागलं नाही. चार अक्षरं, थांबा, चार अक्षरं. आवाज चढवायचा नाही, शेवटचा आकडा गिळायचा नाही. मध्येच बी, सी, एफ येतात याचंही तिला काही वाटलं नाही. ईएएक्स या रजिस्टरपाशी येऊन म्हणाली, "सहा बी सहा बी. सहा बी सहा बी." मग जरा थांबून, "पुढच्यालाही तेच आहे रे. सगळं लिहून घेणारेस का?"

मी खुर्चीतून उठलो.

डीबगची सोय चालू असली की कुणी वापरून परत केलेल्या मेमरीत कर्नल मुद्दाम ६बी भरून ठेवतो. तो आकडा रजिस्टरमध्ये सापडला, म्हणजे जागा सोडूनही कुणीतरी तिचा पत्ता जवळ ठेवला आहे आणि त्या भरवशावर आत शिरलं आहे. आमच्या बाबतीत तो एक टायमर होता. यूएसबीचं उपकरण उपटलं की ड्रायव्हर आपली जागा परत करायचा, पण टायमर थांबवायचा विसरायचा. उपकरण हातात, आणि त्याचा गजर कर्नलात वाजतोय. दुरुस्ती एका ओळीची.

इथे माझं एक जुनं दुखणं आहे. लिनक्सकर्ते टोरवाल्ड्स यांना कर्नलच्या आत डीबगर नको होता. माणसं विचार न करता लक्षणांवर पट्ट्या बांधतील, असं त्यांचं म्हणणं. केजीडीबी हा डीबगर मुख्य कर्नलात आला तो थेट २००८ साली, २.६.२६ मध्ये. म्हणणं बरोबरच असेल. पण रात्री दोन वाजता विचार करणाऱ्याला काहीतरी दिसायला तरी हवं ना! आज गिट बायसेक्ट आहे. दहा हजार बदलांतला गुन्हेगार निम्मेनिम्मे करत तेरा-चौदा फेऱ्यांत सापडतो, आणि तोवर पोरं जेवून येतात.

त्याच २००८ची गोष्ट. २.६.२७ च्या आरसींवर इंटेलची नेटवर्क कार्डं मरू लागली. मशीन पुन्हा सुरू करून उपयोग नाही, कार्डावरच्या कायमच्या मेमरीतच कचरा. संशय अर्थात ई१०००ई या ड्रायव्हरवर. निघालं ते भलतंच. एफट्रेस नावाची नवी सोय फंक्शनांचे पत्ते टिपून ठेवायची आणि नंतर तिथली सूचना बदलायची. मॉड्यूल सुरू झालं की त्याचा सुरुवातीचा कोड मोडीत निघतो, ती जागा सुटते. एफट्रेसच्या वहीत पत्ता तसाच. त्या पत्त्यावर आता नेटवर्क कार्ड येऊन बसलेलं. एफट्रेस लिहायला गेला कोडमध्ये, लिहिलं गेलं कार्डावर. ड्रायव्हर बिचारा फुकट बदनाम झाला. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग पहिल्यांदाच नंबर खोडला का नाही?" एक्स्चेंजमध्ये म्हणे रोज खोडाखोड चाले.

आई गेल्यावर आम्ही तिचा लँडलाइन परत केला. काही महिन्यांनी तो नंबर एका शिकवणीच्या क्लासला मिळाला. आईच्या बोर्डावरच्या मैत्रिणी आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना तो पाठ आहे. दिवाळीला, वाढदिवसाला त्या तिथेच फोन लावतात. क्लासच्या ऑफिसातली मुलगी आधी "राँग नंबर" म्हणून ठेवायची. मग एकदा मी जाऊन भेटलो. आता ती माझा मोबाइल नंबर सांगते, आणि मावशी तो एका दमात, चार-चारच्या गटात लिहून घेतात म्हणे. शेवटचे दोन आकडे उरतात, ते परत विचारून घेतात.