४६ रुपये ७८ पैसे

अंबड तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या धंद्याचं सगळं वर्ष जूनमध्ये ठरतं. मृगाचा पाऊस पडला की कपाशी, तूर, सोयाबीनच्या बियाण्याला झुंबड उडते आणि मग जेवायलाही फुरसत मिळत नाही. अलीकडे यातला बराच पैसा गल्ल्यात येत नाही, काउंटरवरच्या स्कॅनरवर येतो.

स्कॅनर लावायला कंपनीचा पोरगा आला, तेव्हा त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, एक पैसा लागणार नाही." ते खोटं नव्हतं. बँक खात्यातून यूपीआयनं थेट आलेल्या पैशावर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही, हा नियम जानेवारी २०२० पासून आहे. नंतर रक्कम मोठ्यानं सांगणारा डबा आला. सुरुवातीला तो फुकट होता, मग त्याचं महिन्याचं भाडं सुरू झालं. ते सुरू झाल्याचं मला कळलं ते खात्यातून पैसे कापले गेल्यावर. भाडं फार नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

२०२५ च्या जूनमध्ये मात्र रात्री हिशेब लावताना एक बिल जुळेना. कपाशीची चार पाकिटं गेली होती. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, त्या खरिपाला ती ९०१ रुपये होती. चार पाकिटांचे ३,६०४ रुपये. बिलावर तेवढेच, डब्यानंही तेवढेच सांगितले, बँकेत जमा झाले ३,५५७ रुपये २२ पैसे. त्याच्याच खालचं बिलही चार पाकिटांचं होतं, त्याचे मात्र पूर्ण पैसे आले होते. कॉमर्स शिकणारा पुतण्या शेजारी बसला होता. त्यानं अ‍ॅपमध्ये खोल जाऊन कपातीचं पान काढलं: १.१ टक्के शुल्क, म्हणजे ३९ रुपये ६४ पैसे, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये १४ पैसे. एकूण ४६ रुपये ७८ पैसे.

फरक गिऱ्हाइकानं पैसे कुठून दिले यात होता. एकानं बँक खात्यातून दिले होते, दुसऱ्यानं वॉलेटमधून. स्कॅनर तोच, आवाज तोच. काउंटरमागं उभ्या माणसाला यातलं काही ओळखू येत नाही. एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून यूपीआयनं दुकानदाराला दिलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेला आंतरशुल्क लागू झालं, जास्तीत जास्त १.१ टक्के. कागदोपत्री ते दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीनं वॉलेटच्या कंपनीला द्यायचं असतं, गिऱ्हाइकाला त्याची झळ नाही. आमच्या कंपनीनं इतके दिवस ते स्वतः सोसलं आणि मग अटी बदलून आमच्याकडं सरकवलं.

किराणावाला असता तर कदाचित दुसऱ्या मालात भरून काढता आलं असतं. बियाण्याच्या पाकिटावर किंमत छापलेली असते, एक रुपया जास्त घेतला तर परवाना जाईल. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, तिथंही तेच. आठ गोण्या घेतल्या की बिल दोन हजारांच्या वर जातं. युरियात सुटतंच किती! हमाली वजा जाता जे उरतं त्यातूनच हे जायचं. गिऱ्हाइकाला म्हणावं की वॉलेटमधून देऊ नका, तर त्यालाही वाटतं, मालकाच्या मनात काहीतरी आहे.

तो चार पाकिटांचा शेतकरी पुढच्या आठवड्यात खताला आला, तेव्हा मी विचारलं. पैसे त्याच्या मुलानं भरले होते, तो चाकणला कंपनीत आहे. पगार व्हायचा होता, म्हणून पोरानं क्रेडिट कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे टाकले, तिथं त्याचेही दोन टक्क्यांच्या आसपास कापले गेले. पेरणीच्या एकाच पैशाला दोन्हीकडून कात्री लागली होती आणि बापाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

कंपन्यांनी फुकट राबावं असं माझं म्हणणं नाही. यंत्रणा चालवायला खर्च येतो. म्हणून तर छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी सरकारनं २०२४-२५ ला १,५०० कोटींची तरतूद केली. माझा राग सांगण्याच्या पद्धतीवर आहे. अ‍ॅप उघडलं की "सुधारित अटी" असं पान येतं, खाली "मान्य" एवढं एकच बटण. ते दाबल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही, आणि समोर दहा माणसं पावत्या मागत उभी असतात. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरात. वॉलेट वापरणाऱ्याला अटी आणि शुल्क सोप्या भाषेत, शक्यतो स्थानिक भाषेतही सांगावं, असं रिझर्व्ह बँकेच्या वॉलेटविषयीच्या निर्देशांत आहे. दुकानदारालाही ते तसंच मिळायला हवं, आणि "शक्यतो"वर न सोडता.

पुतण्यानंच आणखी एक गोष्ट शोधली. हे शुल्क धंद्याच्या प्रकारानुसार बदलतं: शेतीसाठी ०.७ टक्के, पेट्रोलपंपाला ०.५. स्कॅनर लावताना त्या पोरानं माझं दुकान "किरकोळ विक्री" या खान्यात घातलं होतं. मी बियाणं आणि खतविक्रीच्या परवान्यांच्या प्रती जोडून लेखी तक्रार केली. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस हिंदीत पहिल्यापासून सगळं विचारायचा. मी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवली, कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीला १४४४८ हा क्रमांक आहे. तिथवर जावं लागलं नाही. दुकान शेतीच्या खान्यात आलं, दर कमी झाला. आधी कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

आता तालुक्यातले आम्ही काही विक्रेते आपापले परवाने आणि कपातीची पानं एकत्र करतो आहोत. अजून कितीतरी जण चुकीच्या खान्यात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते कपातीचं पान कधी उघडलेलंच नाही.