चाळणं आणि निवडणं

बंगळुरूतल्या एका कंपनीच्या भरती विभागात मी नऊ वर्षं काम करते आहे. दरवर्षी नव्या पदवीधरांसाठी दीडशे-दोनशे जागा निघतात आणि अर्ज येतात 40 हजारांच्या आसपास. आम्ही माणसं पाच. एका अर्जाला तीन मिनिटं धरली तरी 2,000 तास होतात. म्हणजे पाच जणांनी रोज आठ तास, दुसरं काहीही न करता, 50 दिवस वाचत बसायचं.

म्हणून अर्ज आधी वाचले जात नाहीत, कमी केले जातात. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत 60 टक्के. शिक्षणात एका वर्षाहून जास्त खंड नको. एकही विषय राहिलेला नको. एवढं संगणकाला सांगितलं की काही क्षणांत निम्म्याहून अधिक अर्ज गळतात. उरलेल्यांची ऑनलाइन परीक्षा. माणसाची नजर पडते ती त्यानंतर टिकलेल्या हजारभर अर्जांवर.

60 टक्क्यांमागे काही अभ्यास असेल, असं मला वाटायचं. एकदा वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "55 ठेवले तर फार येतात, 65 ठेवले तर कमी पडतात."

आपल्याकडे पीठ चाळतात आणि तांदूळ निवडतात. चाळणीला फक्त भोकाचा आकार ठाऊक असतो. खडा कोणता आणि दाणा कोणता, हे निवडणाऱ्या हाताला कळतं. आम्ही बरंचसं चाळतो आणि शेवटच्या यादीवर 'निवड' असं लिहितो.

यात एकट्या खासगी कंपन्यांनाच नावं ठेवता येत नाहीत. 2015 साली उत्तर प्रदेश सचिवालयातल्या शिपायांच्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणं. अर्जदारांत दीड लाखाच्या आसपास पदवीधर आणि 255 पीएचडी. रोज 2,000 मुलाखती घेतल्या असत्या, तरी तीन वर्षं पुरली नसती.

रेल्वेनं 2019 मध्ये काढलेल्या 35 हजारांवर बिगर-तांत्रिक जागांना सव्वा कोटी अर्ज आले. तिथे सगळ्यांची परीक्षा घ्यायची ठरली. ती डिसेंबर 2020 मध्ये सुरू होऊन जुलै 2021 पर्यंत चालली. निकाल जानेवारी 2022 मध्ये लागला. पुढच्या फेरीसाठी जागांच्या वीसपट उमेदवार घेतले होते खरे; पण एकच उमेदवार अनेक वेतनस्तरांच्या यादीत मोजलेला होता. वीसपट नावं होती, माणसं नव्हती. बिहारमधली मुलं रुळांवर उतरली. तीन वर्षं थांबलेल्यांना यादी कशी मोजली, हे तरी कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी नांदेडच्या एका मुलीचा ईमेल आला. बारावीच्या वर्षी कावीळ झाली, 58 टक्के पडले, पदवीला 81. तिनं नोकरी मागितली नव्हती. एवढंच विचारलं होतं, "मॅडम, माझा अर्ज कुणी वाचला का?"

अशा पत्रांना आमच्याकडे तयार उत्तर असतं. त्याचा शेवट 'भावी वाटचालीस शुभेच्छा' असा होतो. मी ते पाठवलं नाही. लिहिलं, "नाही. बारावीच्या गुणांमुळे संगणकानं तो आधीच बाजूला काढला."

तासाभरात तिचं उत्तर आलं. "बरं झालं सांगितलंत. मी मुलाखतीची तयारी कुठे कमी पडली ते शोधत होते. आता बारावी न विचारणाऱ्या जागा बघते."

नकारात कारणाची एक ओळ घालावी, असा प्रस्ताव मी तेव्हाच दिला आहे. कारण सांगितलं की लोक वाद घालतील, असं वरचे म्हणतात. घालू देत. 60चा आकडा कुठून आला, हे मग आम्हालाही सांगावं लागेल.