दुखतं बोट, दाबतात कोपराखाली

उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी मिटत नाही, ही तक्रार डॉक्टरांना सांगताना माझी मलाच लाज वाटली. बाहेर बाकावर ताप-खोकल्याची रांग आणि मी एक बोट घेऊन आलेली! पण त्या बोटानं मला अगदी जेरीस आणलं होतं. उठल्यावर टूथपेस्टची ट्यूब दाबता येईना, उलथनं हातातून निसटायचं, कपडे पिळताना मधल्या पेरापासून नखापर्यंत कळ जायची. बरं, बोट सुजलेलं नाही, लाल नाही. दुखतंय म्हटलं तर कुणाचा विश्वास बसू नये इतकं साळसूद.

मी डीटीपीचं काम करते. ऑगस्ट लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात आणि पुढे दोन-अडीच महिने माउस हातातून सुटत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ते सगळं वेचून दुरुस्त करायचं म्हणजे ओळीओळीला क्लिक. त्यात मुखपृष्ठाची जाहिरात शेवटच्या दिवशी बदलते, ते वेगळंच.

निदान करणाऱ्यांची वाण नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते हा वात होता, सबब महानारायण तेल. नणंदेला संधिवाताची शंका आली. डॉक्टरांनी मात्र सबुरीनं विचारलं. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकतो का? सांधे सुजतात का? रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन जाग येते का? बोट मिटल्यावर अडकून बसतं आणि मग खटकन उघडतं का? हा शेवटचा प्रकार म्हणजे ट्रिगर फिंगर. त्यात बोटाच्या मुळाशी, तळहातात, स्नायूची दोरी अडकते. माझी सगळी उत्तरं नकारार्थी होती. मानेतून येणारी नस दबली आहे का, तेही त्यांनी मान वळवून पाहिलं. आरए फॅक्टर, युरिक अ‍ॅसिड, एक्स-रे, सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट पाहून माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं, मग दुखतंय काय माझं डोंबल? डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली.

फिजिओथेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिनं बोट मिटून-उघडून एकदाच पाहिलं आणि सोडून दिलं.

“काकू, हात पालथा ठेवा टेबलावर. कोपर सैल सोडा.”

“अगं, दुखतंय बोट.”

“हो, कळलं मला.”

कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड लागतं, तिथून तीन-चार बोटं खाली ती अंगठ्यानं चाचपत गेली. एका जागी थांबली, दाबलं, आणि मी “आई गं!” करून ओरडले. दाबत होती ती कोपराखाली आणि कळ उठली थेट मधल्या बोटात. तीच, ओळखीची, सकाळची. “इथे गाठ आहे,” ती म्हणाली. गाठ म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. माझा चेहरा पाहून तिनं घाईघाईनं सांगितलं की ही तसली गाठ नव्हे. स्नायूचा एखादा पट्टा आखडून राहतो, त्यात एक हळवी जागा तयार होते, तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात.

मला तरीही काही उमजेना. मग तिनं मला दोन गोष्टी करायला लावल्या. त्या वाचता वाचता कुणालाही करून पाहता येतील. डाव्या हाताचा पंजा उजव्या कोपराखाली गुंडाळायचा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून उचलायची. कातडीखाली काहीतरी सरसर हलतं. बोटं मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू हे असे कोपराजवळ असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. दुसरी गोष्ट: तळवा टेबलावर टेकवायचा, मधलं बोट दुमडून आत घ्यायचं आणि अनामिका वर उचलायची. बहुतेकांना ती उचलता येत नाही. चारही बोटं उघडणारा मुख्य स्नायू एकच, आणि हाताच्या पाठीवर त्याच्या कंडरा एकमेकींना आडव्या जोडलेल्या. मी अनामिकेकडे बघत बसले. पन्नाशी उलटली तरी स्वतःच्या हाताची ही खोड मला ठाऊक नव्हती!

पण मी तर बोट दाबून क्लिक करते, मग उघडणारा स्नायू का दमावा? तिनं माझा हात माउसवर ठेवायला सांगितला. क्लिक क्षणाचं, बाकी सारा वेळ बोट बटणावर अधांतरी धरलेलं. ते तसं धरून ठेवतो तो हाच स्नायू.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. “म्हणजे बटण स्वयंपाकघरात आणि दिवा गच्चीवर,” हे म्हणाले. इतके दिवस मी दिवाच पुसत होते.

रात्री शोधत बसले. लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी 1938 साली स्नायूंत खारट पाण्याची इंजेक्शनं देऊन दुखणं कुठे कुठे जाणवतं, याची नोंद केली होती. त्यासाठी त्यांनी स्वतःचंही अंग पणाला लावलं. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या हळव्या जागांचे नकाशेच काढले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या, त्यांना झुलती खुर्ची सुचवणाऱ्या त्या ह्याच. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबतच्या त्यांच्या जाडजूड ग्रंथाचा पहिला खंड 1983 साली आला.

मग दुसरी बाजूही सापडली. ही जागा एक्स-रेत दिसत नाही, आणि एकाच हातावर दोन तपासणाऱ्यांची बोटं एकाच ठिकाणी थांबतील याचीही खात्री नसते. 2015 साली संधिवाताच्या एका नामांकित नियतकालिकात तीन संशोधकांनी ही सारी उपपत्तीच निराधार ठरवली. मला दोन्हींतलं सगळं कळलं असं नाही. कोपराखाली दाबल्यावर बोटात कळ जाते एवढं मी स्वतः अनुभवलं. तिला गाठ म्हणायचं की नसेचा हळवेपणा, ते विद्वानांनी ठरवावं.

उपचार अगदीच साधा निघाला. भाच्याचा क्रिकेटचा टेनिस बॉल मागून आणला. भिंतीला बॉल, बॉलवर कोपराखालचा हात, आणि अंगाचा भार हळूहळू टाकायचा. दुखेल पण श्वास रोखावा लागणार नाही, इतपतच. मिनिटभर, दिवसातून चार-पाच वेळा. आधी गरम पाण्याची पिशवी. कातडी काळीनिळी होईतो रगडायचं नाही, हे तिनं बजावलं होतं. बॉल पहिल्यांदा त्या जागेवर बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण दुखणं नेमकं सापडल्याचं समाधानही होतं. शिवाय माउसची मांडणी बदलली, कोपराला टेबलाचा आधार दिला, काम थांबलं की हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवायची सवय लावून घेतली. रफार दुरुस्त करायला फाइंड-चेंज वापरायला लागले. फरक बॉलनं पडला की क्लिक कमी झाल्यानं, हे मला सांगता येणार नाही. मला वाटतं, क्लिकचा वाटा मोठा असावा.

आता सकाळी बोट मिटतं. अंक छपाईला जायच्या आठवड्यात पुन्हा कुरकुरतं, मग बॉल निघतो. तुमचं बोट असंच दुखत असेल तर कोपराखाली एकदा चाचपून पाहा. मात्र सांधे सुजलेले असतील, बोट अडकत असेल, मुंग्या येत असतील किंवा पकडीतला जोर गेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. माझीही तपासणी आधी झाली होती, बॉल नंतर आला.