लालबुंद टर्बो आणि सैल बोल्ट

मंडळी, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईने गाडीच्या बोल्टवर लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण गेले तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही, तेव्हा तुम्हीही ऐका!

नातवाने एक जुनी टर्बो गाडी घेतली आहे. रस्त्यावर चालवायला नव्हे, ट्रॅकवर पळवायला. एरवी ती खेरवाडीतल्या एका गॅरेजमध्ये उभी असते आणि वर्षातून दोनदा ट्रकवर चढून कोइमतूरच्या कारी स्पीडवेला जाते. एके काळी जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, आता मुंबईकराला इतकं लांब जावं लागतं. असो.

तर गाडी तिकडून येते ती टर्बोचे बोल्ट सैल करूनच. सुनेने विचारलं, सैल झाले तर काय होतं रे? "काही नाही गं आई, जरा फुसफुस आवाज येतो." आता मुलांचं 'काही नाही' मी तीस वर्षं ऐकलेलं. सरळ गॅरेजमध्ये गेले, स्टूल मागितलं आणि उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, फटीतून निघणारी आग बाजूच्या तेलाच्या नळीवर गेली, तर गाडी पेटते." नातू खाली मान घालून पाना पुसत होता.

मग मी नीट समजून घ्यायचं ठरवलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, तो टर्बो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. पेट्रोल गाडी ट्रॅकवर सतत दामटली की हा धूर ९०० अंशांच्या वर जातो, आणि टर्बो अंधारात निखाऱ्यासारखा दिसतो.

बोल्ट आवळला की तो केसाच्या जाडीइतका ताणला जातो. तो ताणच दोन्ही भाग धरून ठेवतो, आटे नुसते निमित्त. लाल होईपर्यंत तापला की पोलाद मऊ पडतं, आणि धुऊन धुऊन ढिल्या पडलेल्या इलॅस्टिकसारखा बोल्ट पुन्हा पहिल्यासारखा ओढून धरत नाही.

त्यात प्रसरण. आजोळी लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा तेव्हा आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. लालभडक धाव चाकावर बसली की वरून पाणी, चर्र आवाज, आणि लाकूड करकचून आवळलं जायचं. तिथे एकदाच तापवून काम भागायचं. इथे दर फेरीला तापणं-निवणं. वीतभर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो! मग जोडाची दोन तोंडं एकमेकांवर घासतात. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला आडवे हिसके बसून जोड सरकायला लागला की नट आपोआप उलटा फिरतो, आणि साधा स्प्रिंग वायसर त्याला अडवू शकत नाही. उस्तादांनी युंकरचं नाव ऐकलेलं नाही, पण स्प्रिंग वायसर त्यांनी केव्हाच फेकून दिले होते.

आटे चिकटवायचं साधं औषध दीडशे अंशांपुढे निकामी. नायलॉनची रिंग असलेला नट त्याहून आधी निकामी होतो. म्हणून विमानाच्या इंजिनात वापरतात त्या इन्कोनेल नावाच्या निकेलच्या मिश्रधातूचे स्टड मागवले. किंमत ऐकून मी पाणी प्यायले. स्टड मुद्दाम लांब घेतले, खाली जाड नळीचा तुकडा घालून. लांब स्टड जास्त ताणला जातो, त्यामुळे जोड किंचित बसला तरी सगळा ताण जात नाही. नट आटे दाबून घट्ट केलेले, खाली पाचरीसारख्या दातांचे जोडवायसर.

पण मला विचाराल तर खरा उपाय उस्तादांनी केला. अख्खा टर्बो मॅनिफोल्डवर लोंबकळत होता. त्यांनी इंजिनपासून त्याला एक टेकू दिला आणि पुढच्या धुराच्या पाइपात लवचिक जोड घातला. इंजिन हललं तरी हिसका बोल्टांवर येत नाही. हा टेकू आधीच का नव्हता, हे जुन्या मालकालाच ठाऊक.

आता प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. नट फिरला की रेघ तुटते. आधी नातवाने त्यासाठी बहिणीचं नेलपॉलिश पळवलं होतं, ते पहिल्याच फेरीत जळून गेलं! मग उष्णता सोसणारा रंग आणला. पहिल्या फेऱ्या झाल्या की गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, टॉर्क पान्याने तपासायचं, मगच पुढे, अशी सुनेची अट आहे. रेघांचा फोटो मला पाठवायचा, ही माझी.

गेल्या खेपेला चारही रेघा सरळ होत्या, मी भिंग लावून पाहिल्या. पुढची खेप दिवाळीनंतर.